चार फुटी तबकडी रॉकेट: या चुका टाळा

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात बडोद्यातल्या कुठल्याही आगाशीवर जा, एखादं पोर पतंगाला किन्ना बांधताना दिसेलच. बांधून झालं की ते दोरा बोटावर धरतं, पतंग लोंबकळू देतं, तो कुठे कलतोय ते बघतं आणि हलक्या बाजूला कागदाची चिंधी लावतं. तबकडी रॉकेट म्हणजे वर घुमट आणि मध्ये मोटर असलेलं, ताटासारखं रुंद, बुटकं रॉकेट. ते बनवणाऱ्याला लागणारं निम्मं शहाणपण या एवढ्याशा कृतीत आहे. तबकडी दिसते रॉकेटसारखी सुटताना, पण जातीने ती पतंगाच्या जवळची. हवा तिला जसं वागवेल तशी ती वागते.

मी नऊ वर्षं अमेरिकेत होतो आणि हाय-पॉवर रॉकेटचा नाद तिथेच लागला. आता दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी परत आलोय. भाचा टेक्ससमध्ये शिकतो. त्याला मोठ्या मोटरी उडवण्याचं लेव्हल 2 चं प्रमाणपत्र मिळालं त्याच रात्री त्याचा फोन आला, "मामा, आता चार फुटी तबकडी करू या." चाचणीची निम्म्या मापाची मॉडेलं मी इथे बनवतो, मोठी तबकडी तो तिथे बांधतो आणि क्लबच्या मैदानावर उडवतो. आमच्या हातून जे चुकलं आणि मैदानावर इतरांचं चुकताना पाहिलं, ते लिहितो.

मोटर घरी बनवू नका

मोटर म्हणजे रॉकेटला ढकलणारी, इंधन भरलेली नळी. तिचं आधी, कारण बाकीच्या चुकांनी तबकडी मोडते, या चुकीने माणूस जातो. आपल्याकडे रॉकेटचं इंधन 1884 च्या स्फोटक कायद्याखाली आणि 2008 च्या नियमांखाली येतं. त्याचा परवाना नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था देते. सोरा आणि साखर शिजवण्याचे व्हिडिओ बघून कोणी मुलगा माझ्याकडे आला तर मी त्याला बसवून घेतो आणि सगळं काम शिकवतो, फक्त मोटर सोडून. मोटरींचे वर्ग त्यांच्या एकूण जोरानुसार इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. अमेरिकेतसुद्धा 160 न्यूटन-सेकंदांच्या वरची, म्हणजे ‘एच’ वर्गापासूनची मोटर प्रमाणपत्राशिवाय विकत मिळत नाही. ‘एच’ आणि ‘आय’साठी लेव्हल 1, ‘जे’ ते ‘एल’साठी लेव्हल 2. दीड किलोच्या वरचं रॉकेट असेल तर तिथल्या विमान प्रशासनाची परवानगी वेगळी लागते. ती बहुधा क्लबने आधीच काढलेली असते, पण विचारून खात्री करावी.

लांब रॉकेटचं गणित तबकडीला लावू नका

नवशिका माणूस मोटरीचा वर्ग बघतो: ‘जे’ वर्ग आहे, म्हणजे उंच जाईल. तबकडीला हा हिशोब लागू नाही. आमच्याच तबकडीचे आकडे देतो. व्यास 1.2 मीटर, मोटरसकट वजन साडेतीन किलो, मोटरीचा सरासरी थ्रस्ट (ढकलण्याचा जोर) 350 न्यूटन आणि जळण्याचा काळ साधारण 2 सेकंद. वजन सुमारे 34 न्यूटन, म्हणजे थ्रस्ट दहापट. लांबट रॉकेट एवढ्या जोरावर डोळ्यांआड होईल. तबकडीचं क्षेत्रफळ मात्र 1.13 चौरस मीटर. ती सेकंदाला 24 मीटरच्या आसपास पोचली की हवेचा विरोध थ्रस्टला गाठतो आणि वेग तिथेच थांबतो. मोटर विझते तेव्हा ती जेमतेम 45 मीटरवर असते. त्यानंतर अजून सात-आठ मीटर, की संपलं. थ्रस्ट दुप्पट केला तरी वेग 24 चा 35 होतो, आणि घुमटावरचा भार मात्र दुपटीच्या वर जातो.

मला ही उंची कमी वाटत नाही. सगळं उड्डाण डोळ्यांसमोर होतं, धूर, आवाज, उलटणं, सगळं दिसतं. तबकडीची मजा तीच आहे.

या आकड्यांतून दोन चुका आपोआप कळतात.

पहिली चूक म्हणजे हळू जळणारी मोटर घेणं. त्याच ‘जे’ वर्गात सरासरी 150 न्यूटनची मोटरही मिळते. ती लावली तर दीड-पावणेदोन मीटरच्या रेलवरून, म्हणजे सुटताना दिशा देणाऱ्या उभ्या दांड्यावरून, सुटताना तबकडीचा वेग सेकंदाला 10 मीटरही नसतो. 350 न्यूटनची मोटर तीच तबकडी 16 मीटरच्या आसपास वेगाने सोडते. दहाच्या खाली असाल आणि आडवा वारा आला, तर तबकडी रेल सोडताच वाऱ्याकडे मान टाकते. साध्या रॉकेटला पाचपट थ्रस्ट चालतो. तबकडीसाठी मी आठपटीच्या खाली जात नाही. आणि वारा ताशी 32 किलोमीटरच्या वर असेल तर नियमानेच उड्डाण बंद असतं. तबकडीवाल्याने त्याच्या कितीतरी आधी थांबावं.

दुसरी चूक, लांब डिले, म्हणजे मोटर विझल्यापासून पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा स्फोट (इजेक्शन चार्ज) होईपर्यंतचा वेळ. मोटर विझल्यावर तबकडी वर जाते ती फक्त सेकंदभर. मग उलटून सेकंदाला साडेसहा मीटरच्या वेगाने खाली येते, आठेक सेकंदांत जमिनीवर. म्हणजे 10 सेकंदांचा डिले असलेला इजेक्शन चार्ज फुटतो तो गवतात, तबकडी उचलायला माणसं धावत असताना. एवढ्या सावकाश उतरणाऱ्या तबकडीला पॅराशूट बहुतेकदा लागतच नाही, ती स्वतःच पॅराशूट आहे. तेव्हा चार्ज न भरता चालणारी मोटर घ्या, किंवा उत्पादकाच्या सूचनेत परवानगी असेल तर चार्ज भरू नका. चार्ज ठेवायचाच असेल तर त्याच्या वायूला बाहेर पडायला घुमटात पुरेशी भोकं हवीत. नाहीतर मोटर मागे उडते किंवा घुमट फाटतो. पॅराशूटशिवाय उडवणार हे मैदानावरची सुरक्षा बघणाऱ्या रेंज सेफ्टी ऑफिसरला आधी सांगा. त्याचा शब्द अखेरचा.

गुरुत्वमध्य मोटर भरून मोजा

रिकामी तबकडी टेबलावर तोललेली बरोबर निघते. मोटर घातली की वजन खाली सरकतं आणि सगळं बिघडतं. आम्ही गुरुत्वमध्य कडेच्या पातळीच्या वर, घुमटाच्या बाजूला ठेवतो, आणि तोही मोटर भरून मोजतो.

संगणकावरची स्थिरता इथे भोळेपणाने मानू नका. नेहमीची पद्धत सडपातळ रॉकेटसाठी आहे. बुटक्या रॉकेटसाठी शेपटीला व्यासाच्या 3.14 पट लांबीचा, वजन नसलेला शंकू जोडण्याची युक्ती आहे, पण चार फूट रुंद आणि फूटभर उंच वस्तूवर मी तिच्या भरवशावर मोटर पेटवणार नाही.

त्यापेक्षा हे करा. थर्मोकोलची निम्म्या मापाची तबकडी बनवा, मोटरीच्या जागी तेवढ्याच प्रमाणात वजन घाला, आणि खाली माणसं नाहीत हे बघून तिसऱ्या मजल्याच्या आगाशीवरून घुमट खाली करून सोडा. वर जाताना हवा घुमटावर आदळणार, इथे खाली येतानाही घुमटावरच आदळते. सरळ उतरली तर मोठी सरळ चढेल. डुलत डुलत उतरली तर वजन अजून घुमटाकडे सरकवा. आमची पहिली तबकडी दुसऱ्या मजल्याच्या पातळीला पालथी झाली आणि कडेवर आपटली. नाकात 40 ग्रॅम शिसं घातल्यावर तीच तबकडी भरल्या ताटासारखी आडवी, सरळ खाली आली. तो व्हिडिओ भाच्याने किती वेळा बघितला असेल कोण जाणे.

याच वेळी पतंगाची कृतीही करा. कडेवर सारख्या अंतरावर तीन दोरे बांधा, एका बिंदूतून टांगा आणि पाणसळ लावून बघा. रेल गाइड (रेलवर सरकणारे खुंटे), इपॉक्सीचे थेंब, रंगाचा जादा थर, सगळं एका बाजूला जमलेलं असतं. समोरच्या कडेला आतून वजन चिकटवा.

मोटर नळीत खोल दडवू नका

गुरुत्वमध्य वर हवा, म्हणून माणूस मोटर वर सरकवतो. विचार बरोबर, पण एक सापळा आहे. नोझल, म्हणजे मोटरीचं झोत सोडणारं तोंड, नळीच्या तोंडापासून नळीच्या एका व्यासापेक्षा जास्त आत गेलं की झोत नळीतली हवा ओढून घेतो, तिथे दाब कमी होतो आणि थ्रस्ट बराच पडतो. याला क्रुश्निक परिणाम म्हणतात. 54 मिलिमीटरच्या नळीत नोझल दोन इंचांहून आत नको. जास्त आत न्यायचंच असेल तर नोझलच्या पातळीला नळीला मोठी भोकं ठेवा. लक्षण ओळखायला सोपं आहे: मोटर नीट पेटली, आवाजही पूर्ण, तरी तबकडी रेलवर जड वाटली, आणि नंतर नळीचा आतला भाग करपलेला निघाला.

थर्मोकोलवर चुकीचं रसायन

हे माझ्याच अंगणात झालं. गणपतीच्या मखरासाठी घेतलेला तापल्या तारेचा कटर घरात होता, त्याने घुमट सुरेख कापला. वर कापड चढवायला घरात उरलेलं रेझिन ओतलं. ते पॉलिस्टर होतं. क्षणभर काही नाही. मग ब्रशखाली चरचर असा बारीक आवाज आला, पांढरा पृष्ठभाग ओल्या साखरेसारखा खचला, आणि मी ब्रश उचलेपर्यंत मुठीएवढा खड्डा पडला. तीन संध्याकाळचं काम गेलं. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्मोकोल विरघळवतं. इपॉक्सी विरघळवत नाही, फेव्हिकॉलही नाही. उग्र वासाचे रबरी गोंद आणि स्प्रे पेंट मात्र थर्मोकोल खातात. कोणतंही नवं रसायन आधी तुकड्यावर लावून रात्रभर ठेवा.

मधला भाग कमकुवत ठेवू नका

पूर्ण वेगात हवा घुमटावर 300 न्यूटनच्या वर रेटते, म्हणजे 30-32 किलोचं पोतं वर ठेवल्यासारखं. खालून ढकलते ती मधली दोन इंची नळी. नळीभोवती नुसती इपॉक्सीची कड पुरत नाही. नळीपासून कडेपर्यंत प्लायवुडच्या सहा तरी फासळ्या न्या आणि त्या वरखाली दोन गोल चकत्यांत खाचा पाडून अडकवा. कडेला फार लाकूड नको, तिथलं वजन कामाचं नाही.

रेलवर अडकणं

तबकडी बुटकी, म्हणून दोन रेल गाइडमधलं अंतर कमी पडतं आणि ती रेलवर खडखडते किंवा तिरकी होऊन अडकते. कडेला गाइड लावलात तर हवेचा विरोध एका बाजूला आणि पकड दुसऱ्या बाजूला, मग ती अडकणारच. रेल मोटरीच्या अगदी शेजारून, घुमटातल्या खाचेतून जाऊ द्या, आणि वरचा गाइड घुमटाच्या टोकाजवळ, खालचा नळीच्या तोंडाजवळ लावा. हाताने वर ओढून पाहा, कुठेही न चिकटता सरकली पाहिजे. तळ झोत अडवणाऱ्या पत्र्यापासून फूटभर तरी वर ठेवा. रुंद तळावर झोत उलटा येतो आणि करपवतो.

इग्नायटर (मोटर पेटवणारी विजेची वात) पेटला नाही तर कंट्रोलरची किल्ली काढा आणि पूर्ण 60 सेकंद थांबा. ‘जे’ वर्गाच्या मोटरीसाठी माणसं 100 फुटांवर हवीत, ‘के’ वर्गासाठी 200.

उतरल्यानंतर

तबकडी बहुधा घुमटावर उतरते आणि गरम नोझल वर असतं. गवत वाळलेलं असेल तर हे बरंच आहे. मोटर गार होईपर्यंत हात लावू नका. मग घरी आणून, उन्हाळ्यात माठ घेताना वाजवून बघतो तसं बोटाच्या पेराने सगळ्या घुमटावर वाजवत जा. भरीव आवाज येतो तिथे कापड थर्मोकोलला धरून आहे. जिथे पोकळ, फडफडल्यासारखा आवाज येईल तिथे पेन्सिलीने गोल करा. आमच्या तबकडीवर दोन उड्डाणांनंतर असे चार गोल निघाले, चारही फासळ्यांच्या टोकांशी. भाच्याने प्रत्येक गोलात सुईने भोक पाडून सिरिंजने इपॉक्सी भरली, वर विटा ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवून मला फोनवर आवाज ऐकवला.