किट लेन्सनंतर (कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या लेन्सनंतर) काय घ्यावं?

आधी जुने फोटो चाळा. बहुतेक ५५ मिमीलाच, म्हणजे किट लेन्सच्या सर्वात जवळ आणणाऱ्या टोकाला, अडकलेत की अंधारात हललेत? अडकले असतील तर टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी लेन्स), हलले असतील तर प्राइम (झूम नसलेली, जास्त प्रकाश घेणारी लेन्स).

नवी मुंबईतल्या नेरूळच्या पाणथळीतल्या फ्लेमिंगोंसाठी ४०० मिमीपर्यंतची झूम हवी, १.५ क्रॉपच्या एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान) ती फुल-फ्रेमवरच्या ६०० मिमीइतकं जवळ आणते. भरतीची वेळ पाहून जा, खाडीतले पक्षी तेव्हा तिथे सरकतात. उडत्या पक्ष्याला शटर (सेन्सरवर प्रकाश पडण्याचा वेळ) १/२००० सेकंद ठेवा. दुपारी फोटो धूसर आले तर लेन्सला दोष देऊ नका, तापलेली हवा थरथरत असते.

घरातल्या बारशाला ३५ मिमी एफ १.८ (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं) पुरते, एफ ५.६ पेक्षा जवळपास दहापट प्रकाश देते.

फ्लॅश तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीशी जुळणाऱ्या टीटीएलचाच (लेन्समधून आलेला प्रकाश मोजून स्वतः तीव्रता ठरवणारा) घ्या, डोकं वर आणि मागे वळणारं हवं. ते पांढऱ्या छताकडे वळवा. छत रंगीत असेल तर चेहऱ्यावर तोच रंग उतरतो. हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवण्याची सोय) नसताना शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वाधिक वेगाच्या (अनेक कॅमेऱ्यांत १/२०० सेकंदाच्या आसपास), पुढे नेलं की फोटोत काळा पट्टा येतो. पक्ष्यांवर फ्लॅश मारू नका.

पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. नाहीतर बुरशी धरते.