थंडीत गाडी मिसिंग: दोष पेट्रोलच्या बाजूला निघाला

जानेवारीत नेरुळला पहाटे बऱ्यापैकी गारठा असतो. आमची सीएनजी गाडी सुरू व्हायची, पण इंजिन थरथरायचं, झटके द्यायचं. पाम बीच रोडला लागेपर्यंत मात्र एकदम सुरळीत!

गॅरेजवाल्यांचं ठरलेलं उत्तर, "प्लग आणि कॉइल बदला," म्हणजे ठिणगी पाडणारे भाग. मला ते पटेना. गॅसवर ठिणगीला उलट जास्त व्होल्टेज लागतं. प्लग कमजोर असते तर गाडी गॅसवर जास्त अडखळली असती. आणि ही गाडी थंड इंजिन पेट्रोलवरच सुरू करते, थोडं तापलं की आपोआप गॅसवर जाते. म्हणजे संशय पेट्रोलच्या बाजूवर.

खात्रीसाठी गरम इंजिनावर बटण दाबून मुद्दाम पेट्रोलवर आलो. थरथर कमी, पण होतीच. स्कॅनरवर कोड आला पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर मिस, त्यात इंधन नीट पेटत नाही. ओळखीच्या मिस्त्रीकाकांनी तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावली, कोड तोच. मग पहिल्या-तिसऱ्याच्या इंजेक्टरची (पेट्रोल फवारणारा भाग) अदलाबदल केली आणि पी०३०१ आला, म्हणजे दोष इंजेक्टरसोबत पहिल्या सिलिंडरवर गेला. चोर सापडला!

वर्षभर गॅसवरच फिरल्यावर पेट्रोलचे इंजेक्टर जवळपास रिकामेच बसतात, आत चिकट थर धरतो. फवारा नीट उडत नाही, त्यात थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते. उन्हाळ्यात हे जाणवलंही नसतं.

इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिकने (ध्वनिलहरींच्या मशीनने) साफ केले, नव्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) टाकल्या, टाकीतलं जुनं पेट्रोलही काढलं. ओ-रिंग जुन्या ठेवू नका, गळतीचा धोका असतो. आता आठवड्यातून एकदा वाशीपर्यंत पेट्रोलवर जातो. खिशाला चटका बसतो, पण चालतंय.