पुठ्ठ्याचा पेरिस्कोप: आरसे समांतर कसे बसवायचे

भिंतीआडून किंवा गर्दीच्या डोक्यांवरून पलीकडचं पाहायला पेरिस्कोप, म्हणजेच परिदर्शी वापरतात. वरचा आरसा समोरून येणारा प्रकाश खाली वळवतो, खालचा तो डोळ्याकडे वळवतो. परावर्तन दोनदा होत असल्याने दृश्य सुलटं दिसतं, पाटीवरची अक्षरंही सरळ वाचता येतात.

साहित्य: ४५ × ३१.५ सेंमीचा जाड पुठ्ठा, ९ × ९.५ सेंमीचे ३ मिमी जाडीचे दोन सपाट आरसे, काळा कागद, गुण्या, कटर, गोंद, चिकटपट्टी. आरसे काचवाल्याकडूनच कापून आणि कडा घासून घ्या.

आतल्या उजेडाने दृश्य फिकट पडतं, म्हणून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आधी काळा कागद चिकटवा. मग ७.५ सेंमीच्या चार उभ्या पट्ट्या आखा. उरलेले दीड सेंमी जोडणीसाठी. पहिल्या पट्टीत वरच्या टोकाला आणि तिसरीत खालच्या टोकाला ६ सेंमीची चौकोनी खिडकी कापा. दुसऱ्या व चौथ्या पट्टीत दोन्ही टोकांना ७.५ सेंमीचा चौरस आखून त्याच्या कर्णावर १० सेंमी लांब, ३ मिमी रुंद खाच पाडा. हमखास चूक इथेच होते. पुठ्ठा सपाट असताना दुसऱ्या पट्टीतल्या खाचा डावीकडून उजवीकडे उतरायला हव्यात, चौथीतल्या उजवीकडून डावीकडे. सगळ्या एकाच दिशेने कापल्या, तर डबा जोडल्यावर आरसा आरपार जातच नाही.

डबा चिकटवून वाळला की आरसे सरकवा: वरच्याची चकचकीत बाजू खाली, खालच्याची वर.

चिकटपट्टी लावायच्या आधी दूरच्या इमारतीचा गच्चीचा कठडा पाहा. आरसे नेमके ४५ अंशांवर असण्यापेक्षा एकमेकांना समांतर असणं जास्त महत्त्वाचं. एक आरसा ३ अंशांनी कलला, तर दृश्य ६ अंशांनी वर किंवा खाली सरकतं, आणि या नळीतून दिसतंच मुळी सात-आठ अंशांएवढं. कठडा खिडकीच्या मधोमध येईपर्यंत खालचा आरसा हलवा आणि मगच पक्का करा. खाच सैल झाली असेल, तर पुठ्ठ्याची चकती खुपसा.

सूर्याकडे पेरिस्कोप कधीही रोखू नका. आरशातून येणारं ऊनही डोळ्याला इजा करतं.

रुंदी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर दिसणारा भाग निम्म्यावर येतो. उंच पेरिस्कोप हवा असेल, तर नळी आणि आरसे दोन्ही त्याच प्रमाणात मोठे घ्या. पाणबुडीच्या लांब, अरुंद नळीत हे शक्य नसतं, म्हणून तिथे ठरावीक अंतरांवर भिंगं बसवून दृश्य खालपर्यंत आणतात.