मृगाच्या आधी उरकायची कामे: बडोद्यातील घर आणि वाळवी

बडोद्यात पाऊस साधारणपणे जूनच्या उत्तरार्धात जम बसवतो आणि पहिल्या दोन-चार सरींनंतरच्या संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखांची वाळवी घिरट्या घालू लागते. घराची तयारी त्या संध्याकाळच्या आत पूर्ण झालेली असावी, कारण जमिनीत मुरवायचे औषध ओलीचिंब माती नीट शोषून घेत नाही आणि पावसात भिजलेल्या भिंतीत जुनी ओल कोणती व नवी कोणती हे ओळखता येत नाही. म्हणून होळीनंतर आरंभ करून मे महिन्याच्या अखेरीस हात मोकळे करावेत. कामाचा क्रमही आधीच ठरवून घ्यावा: प्रथम पाणी, मग माती आणि लाकडाचा संबंध, मग तपासणी आणि सर्वांत शेवटी औषध. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो. औषध मारणाऱ्याला बोलावले जाते, पैसे मोजले जातात आणि न्हाणीघराची गळती मात्र तशीच राहते.

घरे पोखरणारी वाळवी मुख्यतः जमिनीखाली राहणारी असते. तिचे अंग मऊ आणि पातळ कातडीचे असल्यामुळे कोरड्या, उघड्या हवेत ती फार काळ तग धरू शकत नाही. म्हणूनच ती मातीपासून लाकडापर्यंत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या बांधत येते आणि त्या नळ्यांतील दमटपणा टिकवून धरते. सिमेंट काँक्रीट तिला खाता येत नाही, पण मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट तिला वाटेसाठी पुरते. वारूळ आपल्याच अंगणात असेल असेही नाही. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून, जोत्याखालून ती सहज येते. तेव्हा वारूळ शोधून राणी मारण्याच्या मागे न लागता तिला लागणारी ओल आणि वाट या दोन्ही गोष्टी तोडणे अधिक शहाणपणाचे.

पाण्याच्या कामासाठी घराभोवती एक पूर्ण फेरी मारावी आणि भिंतीच्या पायथ्याशी पाणी कोठे पडते ते वहीत लिहावे. गच्चीचा पन्हाळ जोत्यालगतच संपत असेल तर त्याला पाइप जोडून पाणी नालीपर्यंत न्यावे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी आणि स्वयंपाकघरातील शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ही दोन्ही पाणी ऐन उन्हाळ्यात, म्हणजे बाकीची जमीन सुकलेली असताना, नेमक्या एका जागी ओल धरून ठेवतात. कुंड्या भिंतीपासून हातभर दूर सरकवाव्यात. तुळशीवृंदावन हलवता येत नसेल तर त्याला घातलेले पाणी जोत्याकडे न वाहता अंगणाकडे वाहील असा उतार करून घ्यावा. जुन्या शहरातील घरांना जोडभिंती असतात आणि ओल बऱ्याचदा शेजाऱ्यांच्या न्हाणीघरातून येते. तो विषय नाजूक असला तरी दोन्ही घरांनी एकाच वेळी दुरुस्ती केल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे बोलणे एप्रिलमध्येच उरकावे.

माती आणि लाकूड यांचा थेट स्पर्श होऊ न देणे हे जुन्या गवंड्यांना चांगले ठाऊक होते. दांडियाबाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील मराठी वाड्यांमध्ये लाकडी खांब कधीही जमिनीत पुरलेला दिसत नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. तळखड्यामुळे खांबाचा बुंधा कोरडा राहतो आणि वाळवीला वर चढायचे झाल्यास उघड्या दगडावरून नळी बांधत यावे लागते, म्हणजे ती घरच्यांच्या नजरेस पडते. पुढच्या पिढ्यांनी मात्र शेणाच्या जमिनीवर कोबा, कोब्यावर लादी आणि लादीवर चकचकीत टाइल्स चढवल्या. प्रत्येक वेळी जमीन दोन-तीन इंचांनी वर आली आणि बऱ्याच घरांत तळखडा आज फरशीखाली गाडला गेला आहे. खांबाचा बुंधा आणि दाराच्या चौकटीचे पाय आता भरावातच उभे आहेत. घराला वाळवी का लागली याचे उत्तर मी आधी तेथे शोधेन. खांबाभोवतीच्या टाइल्स चारही बाजूंनी काढून तळखडा पुन्हा उघडा करता आला तर उत्तम. ते शक्य नसेल तर लाकडाभोवती बोटभर मोकळी जागा तरी सोडवून घ्यावी, आणि ती सिमेंटने बुजवण्याचा मिस्त्रीचा आग्रह मानू नये.

टेनामेंट (छोटे बैठे घर) किंवा बंगला असेल तर जोत्याची कमीत कमी वीतभर उंची चारही बाजूंनी उघडी दिसली पाहिजे. बागेची माती, पेव्हर ब्लॉकखालचा भराव, रस्ता उंच झाल्यामुळे अंगणात टाकलेली भर या सर्वांनी ती उंची हळूहळू गिळली जाते. बडोद्यात याला पुराची जोड आहे. २०१९ च्या जुलैअखेरीस एका दिवसात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी अनेक वस्त्यांत शिरले. ज्यांच्या घरात पाणी आले होते त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जोत्याशी साचलेला गाळ हा औषध न मुरलेल्या मातीचा नवा थर असतो. त्यावरून वाळवी जुन्या औषधी पट्ट्याला वळसा घालून आत येऊ शकते, म्हणून तो खरवडून काढावा. आणि पुरात बुडालेल्या प्लायवूडच्या कपाटांच्या पाठी, वरून कोरड्या दिसल्या तरी, एकदा भिंतीपासून सुट्या करून पाहाव्यात. काळ्या मातीच्या भागात आणखी एक काम असते. उन्हाळ्यात माती आकसून जोते आणि बाहेरचा ओटा यांच्यामध्ये फट पडते. ती मे महिन्यात, पूर्ण रुंद झालेली असताना, औषध ओतून झाल्यावर लवचिक भरणीने बुजवावी.

अडगळीबद्दल फार सांगण्याची आवश्यकता नाही. जिन्याखालची रद्दी, पुठ्ठ्याची खोकी, बांधकामातून उरलेल्या फळ्या आणि अंगणातील तोडलेल्या झाडाचा बुंधा, एवढे हलवले तरी बराच भार हलका होतो. बुंधा मुळांसकट खणून काढावा.

तपासणीसाठी चांगला टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर, खडू आणि वही एवढेच साहित्य पुरे. चौकटींचे खालचे टोक, न्हाणीघराला पाठ लावून उभी असलेली कपाटे, विजेच्या मीटरमागची लाकडी फळी, वायरिंगच्या पाइपांची तोंडे, स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट, माळ्यावरील तुळयांची भिंतीत शिरलेली टोके आणि देवघराची मागची बाजू ही पाहण्याची ठिकाणे. देवघर पाहायचे राहून जाते, कारण ते कोणी हलवत नाही. लाकडावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. आवाज पोकळ आला की टोक हलकेच दाबून पाहावे आणि जागेवर खडूची खूण करावी. नळी सापडल्यास ती सगळी पुसून टाकू नये. मधला इंचभर तुकडा तोडून तारीख लिहावी आणि काही दिवसांनी पाहावे; तुकडा पुन्हा जोडला गेला असेल तर वाट चालू आहे. न जोडला गेल्यास वाळवी गेलीच असे मानू नये, तिने कदाचित दुसरी वाट धरली असेल. औषध मारणाऱ्याला या नळ्या पाहता आल्या पाहिजेत, त्यामुळे रंगकाम औषधानंतरच काढावे.

सापडलेली कीड वाळवीच आहे ना, याची खातरजमा स्वस्तात होते. पंखांच्या मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वळलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या आणि चारही पंख एकाच लांबीचे असतात. लाकडाला टाचणीएवढी गोल भोके असून खाली पिठासारखा भुगा पडत असेल तर ते भुंगेऱ्याच्या जातीच्या किड्याचे काम आहे. भुग्याऐवजी खसखशीसारखे कोरडे, टणक दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातच वस्ती करणारी वाळवी होय. तिला मातीशी संबंध लागत नाही, म्हणून जमिनीत औषध मुरवून ती जाणार नाही. उपचार त्या लाकडावरच करावा लागतो.

एखादी तुळई किंवा खांब पोकळ निघाला तर औषधाचा विचार बाजूला ठेवून आधी लोखंडी टेकू द्यावा आणि बांधकाम अभियंत्याला दाखवावे. वाळवी मेली तरी खाल्लेले लाकूड परत येत नाही. नवीन लाकूड घालताना सागाचा गाभा मागावा; बाहेरचे फिकट रंगाचे लाकूड सागाचे असले तरी वाळवी ते आवडीने खाते, आणि आज बाजारात तरुण झाडांचा साग अधिक असल्यामुळे हा फिकट भाग बराच येतो. आंबा, सावर आणि चीड (पाइन) ही लाकडे चौकटीसाठी घेऊच नयेत.

औषधाचे काम परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली त्यासाठी परवाना लागतो आणि तो पाहायला मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. बांधून झालेल्या घरांच्या उपचाराची पद्धत भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे. व्यवहारात तिचे स्वरूप असे असते की भिंत आणि जमीन जेथे मिळतात तेथे सुमारे ३० सेंटिमीटर अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून, प्रत्येकात साधारण एक लिटरपर्यंत द्रावण मुरवून ती बुजवली जातात. यावरून घरच्या घरी हिशेब करता येतो. १२ फूट बाय १० फूट खोलीचा परीघ ४४ फूट; दारांची रुंदी वगळली तरी चाळीसएक छिद्रे आणि चाळीस लिटरच्या आसपास द्रावण. चार खोल्यांच्या घरासाठी पाठीवरचा एकच पंप घेऊन कोणी आला आणि तासाभरात काम संपवून निघाला, तर काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. औषधाचे नाव बिलावर लिहून घ्यावे, बाटलीचे सील समोर फोडायला सांगावे आणि मिश्रणही समोरच करवून घ्यावे. क्लोरपायरिफॉस २० टक्क्यांचे असेल तर एक टक्क्याच्या द्रावणासाठी एक लिटर औषधात १९ लिटर पाणी लागते, इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्क्यांचे असेल तर लिटरभर पाण्यात साधारण दोन मिलिलिटर. घासलेट, डिझेल किंवा जळके तेल ओतण्याचा जुना उपाय करू नये. अंगावर पडले तेवढी वाळवी मरते, जमिनीखालची वस्ती तशीच राहते आणि लाकडी घरात आगीचा धोका मात्र वाढतो.

ड्रिल चालण्याच्या आदल्या दिवशी नळाचे आणि विजेचे पाइप जमिनीत कोठून जातात ते खडूने आखावे. जुन्या वाड्यांत चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके असते, नव्या घरांत जमिनीखालची टाकी. तिच्या आणि विहीर किंवा बोअरच्या जवळ औषध ओतू देऊ नये, आणि किती अंतर सोडणार हे लेखी घ्यावे. याच दिवसांत घरोघरी दिवेल (एरंडेल) चोळलेला वर्षाचा गहू कोठीत भरला जातो, म्हणून औषध आधी आणि धान्य नंतर अशी तारीख लावावी. गहू आलाच असेल तर कोठी दुसऱ्या खोलीत हलवून झाकावी. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांची त्या दिवसाची सोय नातेवाइकांकडे करावी, माशांची टाकी बाहेर न्यावी आणि परतल्यावर खिडक्या काही तास उघड्या ठेवून जमीन पुसून घ्यावी. वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये जमिनीला छिद्रे पाडण्याचा प्रस्ताव आला तर नाकारावा. तेथे लादीखाली माती नसते, स्लॅब असतो. वाळवी डक्टमधून आणि पाइपांच्या कडेने वर येते, तेव्हा उपचार चौकटींवर, डक्टवर आणि सोसायटीच्या तळमजल्यावर व्हायला हवा, ज्यासाठी सर्वसाधारण सभेत विषय मांडावा लागेल.

कागदांचे वेगळे पाहावे लागते, कारण पोथ्या, मोडीतील दस्त, कुळाची वंशावळ यांवर औषध फवारता येत नाही. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांसाठी लोखंडी मांडण्या आणि काचेच्या फरशा वापरल्या आहेत; घरी निदान लोखंडी कपाट, भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वर, एवढे करता येते. लाकडी पेटीत ठेवलेली पैठणी आणि शालूही तेथेच हलवावेत.

नवे घर बांधत असाल तर मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे पायाच्या खड्ड्यांत, भरावात आणि जमिनीचे काँक्रीट टाकण्यापूर्वी मातीच्या पृष्ठभागावर औषध टाकले जाते. पृष्ठभागासाठी प्रमाण चौरस मीटरला पाच लिटर आहे. त्यानंतर ती माती कोणी पुन्हा खणणार नाही, नळवाला तर नाहीच, याची जबाबदारी कंत्राटदाराकडून लिहून घ्यावी.

पहिल्या पावसाच्या संध्याकाळी पंखांची वाळवी खिडकीतून आत आली तर दिवे मालवून दुसऱ्या दिवशी पंख झाडून टाकावेत, तेवढे पुरते. पण ती भिंतीच्या किंवा चौकटीच्या फटीतूनच बाहेर पडताना दिसली, तर त्या जागेचा फोटो काढून औषधवाल्याला त्याच आठवड्यात बोलवावे, कारण मग वस्ती घरातच आहे. हमीपत्रात पावसाळ्यानंतरची एक विनामूल्य तपासणी आधीच घालून घ्यावी आणि ती नवरात्र व दिवाळीच्या मधल्या दिवसांत, दिवाळीची रंगरंगोटी सुरू होण्यापूर्वी, वहीतील खडूच्या खुणांच्या यादीप्रमाणे करवून घ्यावी. छिद्रे कोठे पाडली त्याचा हाताने काढलेला नकाशा, बिल आणि हमीपत्र एकाच फाइलमध्ये, त्या लोखंडी कपाटात ठेवावे.