स्टेरॉइडवर असलेल्या कुत्र्याचं लिव्हर कसं सांभाळावं

गोचीडतापानंतर, किंवा कधी काहीच कारण न सापडता, कुत्र्याचं शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडायला लागतं. मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होतात. आधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, गरज पडली तर जोडीला ॲझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन किंवा मायकोफेनोलेट. माझ्या घरातली तीन कुत्री यातून गेली आहेत.

पहिल्या गोळीआधी रक्त आणि लघवी तपासून घ्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हरची एन्झाइम्स), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). उपचार आधीच सुरू झाला असेल तर आजच करा. पुढचा प्रत्येक रिपोर्ट या पहिल्या रिपोर्टशेजारी ठेवूनच वाचायचा असतो.

प्रेडनिसोलोन जेवणासोबत, सायक्लोस्पोरिन उपाशीपोटी. ॲझाथायोप्रिनची गोळी फोडायची नाही आणि हातमोजे घालूनच द्यायची. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम किंवा घरातली कुठलीच वेदनाशामक गोळी नको. स्टेरॉइडसोबत ती पोटात अल्सर करते. तहान वाढते, लघवी वाढते. घरात लघवी होते म्हणून पाणी कधीही तोडू नका.

आता लिव्हरचे आकडे. इथेच मी चुकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

बंड्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज १,४०० च्या वर होतं. लॅबच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘लिव्हर गेलंय याचं.’ मी घाबरून त्याच रात्री डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली. चौथ्या दिवशी सकाळी त्याचा ओठ वर केला, तर हिरडी धुतलेल्या पंचासारखी पांढरी. पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, ३१ वरून १६ वर आला होता. धावपळ करून रक्त चढवावं लागलं.

त्या आकड्याचा अर्थ मला तेव्हा कुणीच सांगितला नव्हता. स्टेरॉइड सुरू झालं की कुत्र्याचं लिव्हर या एन्झाइमचा एक वेगळा प्रकार तयार करतं, त्यामुळे अल्कलाइन फॉस्फेटेज कित्येक पटींनी वाढतं. तेवढ्यावरून लिव्हर निकामी झालं असं होत नाही. लक्ष ठेवायचं ते एसजीपीटीवर. स्टेरॉइडने तोही थोडा वाढतो, पण ॲझाथायोप्रिनच्या पहिल्या महिन्यात तो एकदम उसळला, किंवा उलट्या, जेवण सोडणं, डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. म्हणून पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. सीबीसीही हवीच, कारण ॲझाथायोप्रिन अस्थिमज्जाही दाबतं.

आणि प्रेडनिसोलोन एकदम कधीच थांबवायचं नाही. आजार उलटतो हे एक. शिवाय बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवतं. गोळी अचानक गेली की कुत्रा उलट्या करून कोसळू शकतो. डोस साधारण पाव-पाव भागाने, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आणि पीसीव्ही स्थिर असेल तरच डॉक्टर उतरवतात. सगळं मिळून चार ते आठ महिने लागू शकतात. तेवढा धीर धरा.

लिव्हर टॉनिकबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पैसे मोजके असतील तर आधी रक्ततपासणी. सिलिमरिन किंवा एसएएमई डॉक्टरांनी सांगितलं तर द्या. एसएएमई उपाशीपोटी. गुळवेल मात्र अजिबात नको. ‘इम्युनिटी वाढते’ म्हणूनच लोक ती सुचवतात, आणि इथे आपण नेमकी तीच दाबतो आहोत. गुळवेल घेतल्यानंतर माणसांच्या लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत.

जेवण साधं आणि कमी तेला-तुपाचं. उकडलेलं चिकन, भात, दुधी. कच्चं मांस नको. कांदा-लसूण असलेला रस्सा चमचाभरही नको, कांदा स्वतःच लाल पेशी फोडतो.

या औषधांवर लघवीचा संसर्ग काहीच लक्षण न दाखवता होतो आणि मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. अधूनमधून लघवीचं कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करून घ्या. गोचिडांचं औषध एक महिनाही चुकवू नका. लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

रोज सकाळी कुत्र्याला दारातल्या उजेडात न्या, ट्यूबलाइटखाली रंग कळत नाही. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. दिसलेला रंग तारखेसह वहीत लिहा, आणि फिका वाटला तर गोळीला हात न लावता आधी डॉक्टरांना फोन करा.