टेबल म्हणजे अ‍ॅरे नव्हे: वेब प्रोग्रॅमिंगमधल्या या चुका टाळा

डेटाबेसमधल्या टेबलवर क्वेरी (डेटा मागणारी आज्ञा) चालवायची, आलेले रेकॉर्ड (टेबलच्या ओळी) अ‍ॅरेत घ्यायचे, लूप फिरवायचा, की पानावर यादी हजर. हे इतकं अंगवळणी पडतं की टेबल आणि अ‍ॅरे ही एकच वस्तू आहे, एक डिस्कवर आणि एक मेमरीत, असं वाटायला लागतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं ते गणितातल्या संचांच्या पायावर. संचात पहिला, दुसरा, शेवटचा असं काही नसतं. तिथे रेकॉर्ड ओळखायचा तो त्याच्या कीवरून, म्हणजे फक्त त्याच्याच असलेल्या आयडीसारख्या व्हॅल्यूवरून. साध्या अ‍ॅरेत मात्र जागा हीच ओळख. खालच्या बहुतेक चुका याच फरकापाशी होतात. उदाहरणं सर्व्हरवर चालणारी पीएचपी भाषा, मायएसक्यूएल डेटाबेस आणि ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची घेतली आहेत, कारण माझं बहुतेक काम त्यातच झालं आहे.

क्रम आपोआप मिळेल असं समजू नका

क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ लिहिलं नसेल तर रेकॉर्ड कुठल्या क्रमाने येतील याची डेटाबेस हमी देत नाही. छोट्या टेबलवर ते बहुतेकदा प्रायमरी कीच्या क्रमाने येतात, आणि त्यामुळेच आपण फसतो. पुढे कधीतरी कुणी एखादा इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) टाकतं, डेटाबेस त्या इंडेक्सवरून वाचू लागतो आणि ‘शेवटचा रेकॉर्ड म्हणजे सर्वांत नवा’ असं गृहीत धरणारा कोड चुकीची नोंद उचलतो.

पानं पाडताना हीच चूक आणखी लपून बसते. तारखेप्रमाणे लावून ‘लिमिट’ने वीस-वीस रेकॉर्ड आणले, आणि एकाच तारखेचे पन्नास रेकॉर्ड असले, तर त्या पन्नासांचा आपसातला क्रम प्रत्येक क्वेरीत वेगळा येऊ शकतो. एखादी नोंद पहिल्या पानावरही दिसते आणि दुसऱ्यावरही. दुसरी एखादी कुठेच सापडत नाही. तारखेनंतर आयडीही क्रमात घाला. एवढ्याने काम होतं.

आता क्वेरी बरोबर असूनही क्रम बिघडतो ती जागा. यादी नावाप्रमाणे लावली, सोयीसाठी अ‍ॅरेची की म्हणून आयडी ठेवला आणि तो अ‍ॅरे जेसन (डेटा मजकुराच्या रूपात पाठवायची पद्धत) करून ब्राउझरला दिला. सर्व्हरवर छापून पाहिलं तर क्रम बरोबर. ब्राउझरमध्ये मात्र यादी आयडीप्रमाणे चढत्या क्रमाने. कारण आयडी कीवर असल्यामुळे जेसनमध्ये यादीऐवजी ऑब्जेक्ट तयार होतो, आणि जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट पूर्णांकांसारख्या कीज आधी, त्याही चढत्या क्रमाने फिरवतो. आयडी रेकॉर्डच्या आत ठेवा आणि ब्राउझरला साधी यादी पाठवा.

याचंच भावंड म्हणजे ‘अ‍ॅरे फिल्टर’. हे फंक्शन नको ते घटक काढतं, पण उरलेल्यांच्या जुन्या कीज तशाच ठेवतं. ०, १, ३ अशी फट पडली की जेसनमधला चौकोनी कंस महिरपी होतो, म्हणजे यादीचा ऑब्जेक्ट बनतो, आणि ब्राउझर ‘मॅप हे फंक्शनच नाही’ अशी तक्रार करतो. गंमत अशी की फिल्टरने काहीच काढलं नाही, किंवा शेवटचाच घटक काढला, तर सगळं सुरळीत चालतं. म्हणून ही एरर कधी येते, कधी येत नाही. फिल्टरनंतर ‘अ‍ॅरे व्हॅल्यूज’मधून अ‍ॅरे काढला की कीज पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

चेकबॉक्सची यादी

सर्वांत जास्त नुकसान मी या चुकीने होताना पाहिलं आहे, कारण यात एररच येत नाही.

समजा हजेरीचा फॉर्म आहे. तीस ओळी, प्रत्येकीत नाव, शेरा आणि ‘हजर’ असा चेकबॉक्स. तिन्हींच्या नावापुढे रिकामा चौकोनी कंस दिला, म्हणजे सर्व्हरवर तीन अ‍ॅरे येणार, आणि मग एकाच इंडेक्सने, म्हणजे जागेच्या आकड्याने, तिन्ही वाचायचे. विचार सरळ वाटतो. पण खूण न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. तिसरा विद्यार्थी गैरहजर असेल तर नावं तीस येतात आणि हजेऱ्या एकोणतीस. चौथ्याची हजेरी तिसऱ्याच्या जागी सरकते, पाचव्याची चौथ्याच्या जागी, आणि टेबलमध्ये तिसरा हजर आणि तिसावा गैरहजर अशी नोंद पडते. प्रोग्रॅम खूश, डेटा खोटा.

उपाय: रिकाम्या कंसात रेकॉर्डचा आयडी घाला, म्हणजे ‘हजर[४२]’, ‘शेरा[४२]’. मग सर्व्हरवर लूप फिरवताना फॉर्ममधून आलेल्या अ‍ॅरेवर फिरवू नका. त्या वर्गाचे आयडी डेटाबेसमधून आणा, त्यांच्यावर फिरवा आणि प्रत्येकासाठी ‘हजर’मध्ये ती की आहे का ते बघा. नसेल तर गैरहजर. याने आणखी एक भोक बुजतं: फॉर्ममधले आयडी कुणीही ब्राउझरमध्ये बदलून दुसऱ्याच वर्गाचे पाठवू शकतं. आपली यादी डेटाबेसची असल्यामुळे असे आयडी आपोआप बाहेर राहतात.

फॉर्म मोठा झाला की दुसरा सापळा. पीएचपी एका वेळी किती इनपुट स्वीकारेल त्याला ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ ही मर्यादा आहे, आणि ती मुळात १००० असते. अडीचशे ओळी, ओळीत पाच रकाने, म्हणजे १२५० इनपुट. हजाराच्या पुढचे सोडून दिले जातात. लॉगमध्ये एक वॉर्निंग पडते, वापरणाऱ्याला ‘सेव्ह झालं’ असा संदेश दिसतो. मी यात दोन दिवस घालवले होते, क्वेरीत चूक शोधत. खूण लक्षात ठेवा: नेहमी शेवटच्याच ओळी गळत असतील तर क्वेरी सोडा, ही सेटिंग बघा. ती कोडमध्ये ‘इनी सेट’ने बदलत नाही, कारण आपला कोड सुरू होण्याआधीच इनपुट वाचून झालेलं असतं. पीएचपीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वाढवावी लागते. नाहीतर सगळ्या ओळी जेसन करून एकाच मजकुरात पाठवा.

लूपमध्ये क्वेरी, आणि ती काढताना होणाऱ्या चुका

दोनशे ऑर्डरी आणल्या आणि लूपमध्ये प्रत्येकीच्या ग्राहकासाठी क्वेरी मारली, की २०१ क्वेरी झाल्या. आपल्या मशीनवर दहा रेकॉर्ड असतात तेव्हा हे जाणवत नाही. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून त्यावर थांबत नाही. ‘जॉइन’ करा, किंवा ग्राहकांचे आयडी गोळा करून एकाच ‘इन’ क्वेरीत सगळे आणा.

पण ‘इन’ लिहितानाच पुढची अडचण येते. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधलं (व्हॅल्यूंच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवून आधी तयार केलेल्या क्वेरीतलं) एक प्रश्नचिन्ह म्हणजे एकच व्हॅल्यू. ३, ७, ९ हे आयडी स्वल्पविरामाने जोडून एका प्रश्नचिन्हाला दिले, तर मायएसक्यूएलला ती एक स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, दिसते. पूर्णांकाच्या कॉलमशी तुलना करताना तो तिचा आकडा करतो, आणि तो निघतो ३. यादी दिली तरी पहिलाच रेकॉर्ड येतो, याचं कारण हे. जितके आयडी तितकी प्रश्नचिन्हं तयार करा. कंटाळा करून आयडी थेट क्वेरीच्या मजकुरात चिकटवू नका; एसक्यूएल इंजेक्शन (बाहेरच्याने क्वेरीत घुसवलेला मजकूर) अशाच जागेतून आत शिरतं.

आयडींचा अ‍ॅरे रिकामा असेल तर ‘इन’पुढचा कंसही रिकामा राहतो, आणि मायएसक्यूएलला ती सिंटॅक्स एरर आहे. क्वेरीच्या आधी तपासा, रिकामा असेल तर रिकामी यादी परत द्या. ‘नॉट इन’ वापरत असाल तर आणखी जपून: कंसातल्या यादीत किंवा सबक्वेरीत एकही नल (व्हॅल्यूच नसलेली जागा) असेल तर एकही रेकॉर्ड येत नाही, एररही येत नाही. नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर खरंही नसतं, खोटंही नसतं, म्हणून.

‘जॉइन’मध्ये दोन्ही टेबलांत ‘आयडी’ नावाचा कॉलम असेल आणि तारांकन लावून सगळे कॉलम मागितले, तर असोसिएटिव्ह अ‍ॅरेत त्या नावाची की एकच राहते आणि नंतरची व्हॅल्यू आधीचीवर बसते. ‘लेफ्ट जॉइन’मध्ये जोडीदार रेकॉर्ड नसेल तर आयडी चक्क नल होतो, आणि ‘बदला’ बटणाची लिंक रिकामी. कॉलम नावानिशी मागा आणि त्यांना वेगळी टोपणनावं द्या.

अ‍ॅरे एका कॉलममध्ये कोंबणं

‘१,४,११’ अशी टॅगच्या आयडींची यादी एका कॉलममध्ये ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. मग १ शोधताना ‘लाइक’ ११ आणि २१ सुद्धा आणतं. ‘फाइंड इन सेट’ने उत्तर बरोबर येतं, पण कॉलमवरचा साधा इंडेक्स तिथे कामी येत नाही, आणि एखादा टॅग काढून टाकला तर त्याचा आकडा यादीत तसाच राहतो. जोड-टेबल बनवा: एक आयडी इकडचा, एक तिकडचा, दोन्ही मिळून प्रायमरी की. ज्यात कधी शोधायचं नाही अशी सेटिंग्ज वगैरे जेसनमध्ये ठेवायला माझी हरकत नाही. पीएचपीचं ‘सिरिअलाइझ’ मात्र टाळा. त्यात प्रत्येक स्ट्रिंगची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. डेटाबेसमध्ये हाताने एक शब्द बदलला, लांबी जुळली नाही, की अख्खा मजकूर वाचता येत नाही.

जोड-टेबल वापरताना ‘जुने सगळे काढा, नवे घाला’ ही पद्धत चालते, पण ती ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गटात) घ्या. मध्येच एरर आली तर जुने गेलेले असतात आणि नवे अर्धेच आलेले. टेबल मायआयसॅम प्रकारचं असेल तर रोलबॅक होत नाही, म्हणजे केलेले बदल मागे घेता येत नाहीत; इनोडीबी प्रकारचं हवं.

पीएचपीच्या बारीक खोड्या

‘अ‍ॅरे सर्च’ला घटक पहिल्याच जागी सापडला तर उत्तर ० येतं आणि ‘इफ’ त्याला ‘नाही’ समजतो. फॉल्सशी तिहेरी बरोबरच्या चिन्हाने तुलना करा. ‘इन अ‍ॅरे’ला तिसरं आर्ग्युमेंट ट्रू द्या, पीएचपी ८ च्या आधी ० हा आकडा आणि कुठलाही अक्षरी शब्द त्याला सारखाच वाटायचा. कॉलममध्ये नल असेल तर ‘इसेट’ नाही म्हणतं, की असली तरी. कीच बघायची असेल तर ‘अ‍ॅरे की एक्झिस्ट्स’. आणि ‘फॉरईच’मध्ये रेफरन्सने व्हेरिएबल घेतलं असेल तर लूप संपल्यावर ते ‘अनसेट’ करा. नाहीतर त्याच नावाने दुसरा लूप फिरला की यादीतला शेवटचा रेकॉर्ड गायब होतो आणि त्याच्या आधीचा दोनदा दिसतो.

बिघाड शोधताना

‘प्रिंट आर’ ऐवजी ‘व्हार डम्प’ वापरा. पहिल्याला फॉल्स, नल आणि रिकामी स्ट्रिंग सारख्याच दिसतात, आणि रेकॉर्ड सापडला नाही तर ‘फेच’ फॉल्सच देतं. ‘व्हार डम्प’ प्रकारही सांगतं: आयडी आकडा आहे की स्ट्रिंग. मायएसक्यूएलवर पीडीओ (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) हे पीएचपी ८.१ च्या आधी सहसा स्ट्रिंगच द्यायचं, त्यामुळे आवृत्ती बदलल्यावर जुन्या तुलना मोडू शकतात. पीडीओ ८.० च्या आधी एररबद्दल मुळात गप्प बसायचं. जुना प्रकल्प हातात आला तर एरर मोड एक्सेप्शनवर नेणं हे माझं पहिलं काम असतं. त्यानंतर डेटा तीन ठिकाणी मोजतो: क्वेरी थेट डेटाबेसवर चालवून, अ‍ॅरेचा ‘काउंट’ घेऊन, आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधल्या जेसनमध्ये. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा बदलतो, त्यांच्या मधला कोड उघडायचा.