समुद्रकाठी लग्नघर हवंय की पाहुणे गेल्यावरचं घर?

“ताई, बीचवरचं एकदम भारी रिसॉर्ट काढा, पैशाचं नंतर बघू,” असं म्हणत नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या बुकिंग ऑफिसात जे येतात, त्यांना मीही पैशाचं नंतरच विचारते. पहिला प्रश्न वेगळा असतो. सकाळी साडेनऊला नाश्ता उरकला, जेवण दीडला आहे, तर मधले चार तास घरातलं कोण काय करणार? नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. मग एक म्हणतो, “पोरं पूलमध्ये पडतील, मी झोपेन.” दुसरी म्हणते, “आणि आईंचं काय?” इथून पुढे माझं काम सोपं होतं.

समुद्रकाठची महागडी रिसॉर्ट फोटोत सगळी सारखीच दिसतात. पांढरी चादर, नारळाची झाडं, निळा पूल. पण त्यांच्या जाती दोनच. एक म्हणजे लग्नघर आणि दुसरी म्हणजे लग्न आटोपून पाहुणे गेल्यावरचं घर. पहिल्या ठिकाणी तुमच्या माणसांना गुंतवून ठेवण्याचे पैसे घेतात, दुसऱ्या ठिकाणी तुमच्याकडे कुणी फिरकू नये याचे. रात्रीचा दर दोन्हीकडे सारखा असू शकतो. म्हणून नुसते दर शेजारी-शेजारी ठेवून निवड करू नका.

पहिल्या जातीची सुरुवात बघायची तर १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर जावं लागतं. जेरार्ड ब्लिट्स नावाच्या बेल्जियन माणसानं तिथे तंबू ठोकून क्लब मेड सुरू केला. राहणं, जेवण, खेळ, सगळं एकाच पैशात. दुसऱ्या जातीचा गाजलेला नमुना म्हणजे मालदीवमधलं १९९५ सालचं सोनेवा फुशी. तिथे पोहोचल्या पोहोचल्या पाहुण्यांचे बूट काढून पिशवीत ठेवून देतात. आपल्याकडे आज जे काही विकलं जातं, ते या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतं.

लग्नघर हवं असेल तर नाशिककरांसाठी दक्षिण गोवा सरळ पडतो. बाणावलीचं ताज एक्झॉटिका ५६ एकरांवर पसरलंय, आरोशीचं आयटीसी ग्रँड ४५ एकरांवर. एवढ्या जागेत रेस्टॉरंट, किड्स क्लब, स्पा, बग्ग्या असा संसार असतो आणि तुम्हाला फाटकाबाहेर पडावंसं वाटू नये हा त्यामागचा हिशेब. तीन पिढ्या एकत्र निघाल्या असतील तर डोळे झाकून हेच घ्या.

सकाळी नऊला अशा रिसॉर्टच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये जरा बघत बसा. ऑम्लेटच्या काउंटरपाशी रांग लागलेली, धाकट्याच्या वॅफलवर चॉकलेट ओघळतंय, सासरे इडली-सांबारात रमलेत आणि सासूबाई कप पुढे करून वेटरला विचारतायत, “बाळा, हा दोऱ्याचा चहा नको, उकळलेला मिळेल का?” मिळतो. फक्त मागावा लागतो. कुणाला जैन जेवण, कुणाची चतुर्थी, कुणाला कांदा-लसूण नको, कुणाला पथ्य, अशा सगळ्या फर्माइशी एकाच टेबलावरून आल्या तरी एवढं मोठं स्वयंपाकघर डगमगत नाही. लहान रिसॉर्टमध्ये हेच आदल्या दिवशी सांगावं लागतं. साबुदाणा तिथेही भिजत घालतील हो, पण रात्रीच.

याची किंमत म्हणजे गजबज. थंडीत दक्षिण गोव्यातली मोठी रिसॉर्ट ही खरोखरच लग्नघरं असतात, पूलच्या कडेला कुणाची तरी हळद आणि लॉनवर संगीत. तुमची पोरं खूश होतील, तुम्ही होणार नाही. बुकिंगच्या आधी सरळ विचारा, “आमच्या तारखांना हॉटेलात लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का?” समोरचा गुळमुळीत बोलला तर आहे असं समजा आणि तारीख पुढे-मागे करा.

आता दुसरी जात. देशातल्या देशात बघायची तर केरळात अलप्पुझाजवळचं मारारीकुलम. तिथलं सीजीएच अर्थ या हॉटेल कंपनीचं रिसॉर्ट कोळ्यांच्या घरांच्या धाटणीवर बांधलंय, कॉटेजची छपरं शाकारलेली. किनारा कोळ्यांचा आहे, होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या दिसतात. साडेनऊनंतर इथे काहीही घडत नाही. तुम्ही पैसे त्याचेच भरलेत. झोपाळा, पुस्तक, वाटलं तर किनाऱ्यावर लांबवर चालणं. ज्याचा फोन दर दहा मिनिटांनी द्राक्षाचा भाव सांगायला वाजतो, असा गडी तिसऱ्या दिवशी रिसेप्शनवर येऊन “इथे आणखी बघण्यासारखं काय आहे?” असं विचारतो. त्याला गोव्याला पाठवा.

माझं मत विचाराल तर ही शांत जात नवीन लग्न झालेल्यांपेक्षा पन्नाशीतल्या जोडप्यांना जास्त मानवते. नव्यांना फोटो हवे असतात आणि फोटो दोन दिवसांत काढून होतात. पन्नाशीत मुलं बाहेर शिकायला गेलेली असतात, दोघांनी दुपारी तीन तास गप्प बसणं अवघड वाटत नाही.

मालदीव म्हणजे याच जातीचं टोक. १९७२ साली कुरुंबा हे तिथलं पहिलं रिसॉर्ट उघडलं, आणि एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट ही पद्धतच पडली. आज बाहेर जेवू म्हटलं तर बाहेर पाणी आहे. त्यामुळे तिथे खोलीपेक्षा जेवणाचा प्लॅन आधी ठरवा. फक्त नाश्त्याचा दर स्वस्त दिसतो, पण दुपारी एक पिझ्झा आणि दोन ज्यूस मागवले की डोळे पांढरे होतात. निदान नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरूनच दर मागा. शाकाहारी असाल तर भारतीय शेफ आहे का, हे मेलवर लिहून घ्या. जाताना वाइनयार्डमधली बाटली बॅगेत घालू नका. मालदीवमध्ये बाहेरून दारू नेता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात. रिसॉर्टच्या आत मात्र मिळते.

“इंस्टावर आहे तसं पाण्यातलं घर पाहिजे,” असं म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टी विचारते. मूल केवढं आहे? लहान मुलं असलेल्या कुटुंबांना बऱ्याच रिसॉर्टमध्ये पाण्यावरचा व्हिला देतच नाहीत, कारण डेकच्या पायऱ्या सरळ समुद्रात उतरतात. आणि मासे-प्रवाळ बघायचेत का? मग रिसॉर्टला स्वतःचं हाउस रीफ, म्हणजे बेटालगतचं प्रवाळ, आहे का आणि ते किनाऱ्यावरून पोहत जाण्याइतकं जवळ आहे का, हे विचारा. काही बेटांभोवती नुसतं उथळ निळं पाणी असतं. फोटोत ते फार देखणं दिसतं, पण मास्क लावून आत डोकावलं तर खाली वाळूच. माझ्या पद्धतीनं चार रात्री असतील तर दोन वाळूवरच्या व्हिलात आणि दोन पाण्यावरच्या घ्याव्यात. पाण्यावरच्या घरात दिवसभर ऊन असतं, झाडाची सावली मिळत नाही.

मालेहून दूरच्या बेटांवर नेणाऱ्या सीप्लेनचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं, लक्षात ठेवा. ते फक्त उजेडी उडतं. मुंबईहून दुपारी उशिरा माले गाठलंत तर ती रात्र विमानतळाजवळ काढावी लागते आणि रिसॉर्टची पहिली रात्र वाया जाते. सामानालाही माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो अशी मर्यादा सहसा असते. पहिल्यांदाच जाणार असाल तर स्पीडबोटीनं पोहोचता येईल असं जवळचं बेट घ्या. पैसेही वाचतात आणि तारांबळही.

परत भारतात येऊ. जाहिरातीतल्या ‘समुद्रकिनारी’ या शब्दाला आपल्याकडे कायद्याची वेसण आहे. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेनं भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आणला आणि गावाकडच्या मोकळ्या किनाऱ्यांवर पहिल्या २०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला मनाई केली. नियम पुढे बदलत गेले, पण दक्षिण गोव्यात खोलीतून उतरलं की थेट वाळू असं का होत नाही, याचं कारण हे. खोली, मग बाग, मग सुरूची झाडं आणि वाळूच्या टेकड्या, आणि मग समुद्र. समुद्राला अगदी खेटून असलेली हॉटेलं बहुधा त्याआधीची असतात. अग्वादच्या जुन्या पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातलं ताजचं रिसॉर्ट १९७४चं आहे. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर ‘सी व्ह्यू’च्या जादा पैशांपेक्षा बग्गी कुठपर्यंत जाते हे विचारा. व्ह्यू घ्यायचाच असेल तर त्याच खोलीच्या बाल्कनीतून काढलेला फोटो मागवा. एका ठिकाणी माझ्या गिऱ्हाइकाला दोन माडांच्या मधून चार बोटं समुद्र दिसला होता. आणि ‘प्रायव्हेट बीच’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका, आपल्याकडचा किनारा सगळ्यांचा असतो.

पैशाचं सांगते, पटकन. आपल्याकडे रात्रीचा दर ७,५०० रुपयांच्या वर गेला की खोलीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १६,००० म्हटलेली खोली १८,८८० ला पडते. अशा हॉटेलांच्या रेस्टॉरंटचं बिलही १८ टक्क्यांनीच येतं, कोपऱ्यावरच्या हॉटेलसारखं ५ नाही. मालदीवच्या दरापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर १७ टक्के कर मिळवायचा, म्हणजे १०० डॉलरचे जवळजवळ १२९ होतात. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर ग्रीन टॅक्स. दोघं चार रात्री राहिलात तर ९६ डॉलर तिथेच गेले. परदेशी पॅकेजवर एजंट जो टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो, तो मात्र तुमच्या पॅनवर जमा असतो. रिटर्न भरताना सीएला आठवण करा.

कधी जायचं हे नाशिकमध्ये पंचांगापेक्षा द्राक्षबागेवर ठरतं. दिंडोरी-निफाडच्या माझ्या मंडळींची फेब्रुवारी ते एप्रिल काढणी, पाठोपाठ खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. त्यांना सवड मिळते ती ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा गोव्यात दर उतरलेले असतात, पण समुद्रात उतरू देत नाहीत, लाल बावटे लागलेले असतात. लग्नघर पद्धतीला याचं फारसं वाईट वाटत नाही, पूल आणि बुफे चालूच असतात. दुसऱ्या जातीसाठी उलट पावसातलं केरळ मुद्दाम निवडण्यासारखं आहे. कर्किडकम हा मल्याळी महिना, साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, तिथे आयुर्वेदिक उपचारांचा खास काळ मानतात. पाऊस बघत तेल चोळून घ्यायचं आणि पेज खायची. मालदीवला कोरडं आकाश जानेवारी ते एप्रिलमध्ये मिळतं, म्हणजे नेमकं बागायतदाराला हलता येत नाही तेव्हा. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या नोकरदारांनी मात्र तेच महिने धरावेत, दिवाळीच्या गर्दीपेक्षा बरे.

जायचं कसं? नाशिकरोडला थांबणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस मडगावला नेते आणि पुढे एर्नाकुलमलाही, म्हणजे एकाच गाडीनं दोन्ही जाती गाठता येतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तिकीट काढताना ते बघा. ओझरच्या विमानांचं वेळापत्रक मोसमागणिक बदलतं, म्हणून हॉटेलच्या आधी विमान तपासा. गोव्याला विमानानं जाताना तिकिटावर दाबोळी आहे की २०२३ मध्ये सुरू झालेलं मोपा, हे वाचा. बाणावलीला दाबोळी जवळ पडतं, मोपा थेट पेडण्यात, उत्तर टोकाला आहे, आणि टॅक्सीचा फरक खिशाला जाणवतो. मालेसाठी मुंबई गाठायची तर इगतपुरीहून समृद्धीनं आमणेपर्यंत जा, कसाऱ्याचा घाट चुकतो. मालदीवला आपल्याला व्हिसा पोहोचल्यावर फुकट मिळतो, पण निघण्याआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते. काउंटरवर तेवढ्यासाठी घाम फोडतात.

दोन्हींत मन अडकलं असेल तर सरमिसळ करा, पण क्रम पाळा. आधी गजबज, मग शांतता. उलटं केलंत तर गोव्याच्या पहिल्याच सकाळी बुफेची रांग बघून परत फिरावंसं वाटतं.

ॲडव्हान्स भरण्याआधी रद्द केल्यास किती पैसे परत, किती तारखेपर्यंत, हे मेलवर मागा, फोनवरचं “होऊन जाईल मॅडम” धरू नका. नाताळ ते नव्या वर्षाच्या तारखांना बऱ्याच ठिकाणी एक रुपया परत मिळत नाही. शिवाय २४ आणि ३१ डिसेंबरचं गाला डिनर अनेक रिसॉर्टमध्ये सक्तीचं असतं, माणशी वेगळं बिल, तुम्ही खोलीत खिचडी खाल्लीत तरी. तो आकडा आधी विचारून घ्या, एकूण खर्चात मिळवा आणि मगच दोन रिसॉर्टचे दर शेजारी-शेजारी ठेवा.